संस्था की घर? आधी चार रात्रींचं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडला 69 वर्षांची आई, 34 वर्षांचा बौद्धिक दिव्यांग दादा, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन वारलेले, तुम्ही पुण्यात नोकरीला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर, आणि दादाला संस्थेत ठेवायचं की घरी माणूस लावायचा हे सुचत नाहीये. माझा मुलगा 29 चा आहे, बोलतो पण मोजकं. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

संस्था की घर हे नंतर. दादा आजवर आईशिवाय किती रात्री झोपलाय, ते आधी मोजा. आमच्याकडे मुलगा 22 चा होईपर्यंत उत्तर शून्य होतं. दाढी मी करायची, अंघोळीचं पाणी मी काढायचं, फिटची गोळी केळ्यातून मीच द्यायची. शाळा अठराव्या वर्षी सुटली आणि मग दिवसभर तो, मी आणि टीव्ही. त्याचं वजन वाढलं, माझी पाठ धरली. नवरा म्हणायचा, बघू पुढचं पुढे.

पहिल्यांदा एका निवासी संस्थेत त्याला चार दिवसांसाठी ठेवलं, तेव्हा औषधं, कपडे, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं दिलं. एक गोष्ट सांगायची राहिली: आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही, आम्हीच काढून टाकलीय. तिथे त्याने कडी लावली, ती उघडता येईना, आणि पठ्ठ्या हाक न मारता अर्धा तास आत बसून राहिला. चूक कुणाची म्हणायची? ते सगळं माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. त्या दिवशी वही घातली. चहा बशीतच पितो. पंखा बंद केला की उठतो. 'बस' म्हणाला तर गाडी नव्हे, पोट दुखतंय. ताई, आईच्या शेजारी बसून अशी वही या आठवड्यातच लिहायला घ्या. आईला विचारलंत तर 'काही नाही गं, शहाणा आहे तो' म्हणेल. विचारू नका, सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं बघा आणि लिहा.

घरी माणूस लावायचा तर मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांना म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं सांभाळायची माहिती असते, 34 वर्षांचा पुरुष नाही. दादासाठी पुरुष मदतनीस बघा, आणि ऑपरेशनच्या आधी निदान दोन आठवडे आई घरात असताना त्या मदतनिसाला हाताखाली घ्या. आईने मध्ये पडायचं नाही, हेच सगळ्यात अवघड. दिवसा जवळपास अशा मोठ्या मुलांना काम देणारी एखादी कार्यशाळा असेल तर दादाला तिथे घाला. पणत्या रंगवून हातात काय पडतं ते सोडा, पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला कारण मिळतं.

आता कागद, कारण यात लोक फसतात. अठरा पूर्ण झाली की कायद्याने दादा सज्ञान. आई आपोआप त्याची पालक राहत नाही. बौद्धिक दिव्यांग आणि तशा इतरांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळतं, तुमच्यासाठी ती साताऱ्याला. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. आम्हाला एका बँकेने 'कोर्टाचा कागद आणा' म्हणून परत पाठवलं होतं. समितीचं प्रमाणपत्र चालतं असं रिझर्व्ह बँकेने 2007 च्या परिपत्रकात म्हटलं होतं. त्याची प्रत दाखवली तेव्हा खातं उघडलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. मग न्यासाचा निरामय आरोग्य विमा: वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी तपासणीची अट नाही. नूतनीकरण मात्र विसरू नका.

वडील जिल्हा परिषदेचे, म्हणजे आईला कुटुंब निवृत्तिवेतन असणार. आईनंतर ते कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला तहहयात मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दफ्तरी लागलेलं हवं. ते आई सही करू शकते तोवर करा. 

कायमच्या संस्थेची घाई नको, पण बघून ठेवा. मुळशीकडे कोळवणला साधना व्हिलेज आहे, डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच उभारलेलं घरकुल आहे. जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका. कुठेही गेलात तरी रात्रपाळीला कोण असतं ते विचारा, आणि एकदा न कळवता संध्याकाळी सातला जा. बाग सगळेच दाखवतात. जेवणं कशी चालतात, कुणी कुणावर ओरडतंय का, ते बघा.

तुम्ही लिहिलंत, 'ठेवलं तर लोक काय म्हणतील.' माझ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या की पोटचं पोर टाकलं. त्यांनी एक रात्रही त्याला सांभाळलेलं नाही, हे जाता जाता.

आता तो वर्षातून दोनदा जातो. यंदा दिवाळीनंतर पंधरा दिवस ठरलेत. परवा बॅग त्यानेच भरली: तीन टॉवेल, रेडिओ, आणि शर्ट एकही नाही.