आईचं क्रिएटिनिन 1.1, मग ईजीएफआर 54 कसा? कशावर विश्वास ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 70, क्रिएटिनिन छापील रेंजच्या आत, पण खालीच ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) 54 आणि तो ठळक अक्षरात. आकडे दोन्ही बरोबर आहेत, पण लक्ष ईजीएफआरकडे द्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट न्यायला आलेले लोक हे वरचेवर विचारतात.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. वयामुळे अंग उतरलं की ते मुळात तयारच कमी होतं, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. ईजीएफआर काढताना त्याच क्रिएटिनिनसोबत वय आणि स्त्री की पुरुष हेही धरतात. 2021 च्या सूत्राने क्रिएटिनिन 1.1 असलेल्या 30 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर 93 च्या आसपास येतो. 70 वर्षांच्या बाईचा 54. म्हणून 'रेंजमध्ये आहे ना' म्हणत रिपोर्ट कपाटात टाकणं मला अजिबात पटत नाही.

अर्थात एका रिपोर्टवरून किडनीचा आजार ठरत नाही. ईजीएफआर 60 च्या खाली तीन महिने टिकला, तर तसं म्हणतात. जुलाब, कमी पाणी, आदल्या रात्रीचं मटण यांनीही क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. रिपोर्टमधला रक्तातला युरिया तर त्याहून चंचल, एकट्या त्याच्यावरून घाबरू नका.

जी तपासणी हमखास राहून जाते ती लघवीची : एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. रुटीन युरिनमध्ये अल्ब्युमिनची थोडी गळती सुटू शकते, एसीआरमध्ये ती पकडली जाते. 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक. आईला शुगर किंवा बीपी असेल तर ही कराच. सकाळची पहिली लघवी द्या. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना नको, आकडा फसवा येतो.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांचा किडनीला त्रास होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका. आणि पायांवर सूज, लघवी कमी, धाप किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्या.