पॅच पाठवायच्या आधी ओपन सोर्स प्रोजेक्ट कोणाच्या हातात आहे ते बघ

अरे, फोंड्याला बसून पाठवलेला तुझा पॅच (कोडमधला बदल) पडून राहिला आणि प्रोजेक्ट चालवणाऱ्या कंपनीतल्या माणसाचा त्याच दिवशी मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला गेला, तर राग येणारच. पण आधी बघ मर्जचा हक्क कोणाकोणाकडे आहे, सगळे एकाच कंपनीचे असतील तर ते आपल्या टीमचं काम आधी उरकतात, म्हणजे तुझा कोड वाईट असं नाही. सीएलए, म्हणजे कोड देताना करायचा करार, वाचल्याशिवाय मान्य करू नको! त्यात बऱ्याचदा कंपनीला तुझा कोड दुसऱ्या लायसन्सखाली द्यायचा हक्क मिळतो. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचं ओपन सोर्स लायसन्स बदललं, मग लोकांनी फोर्क करून, म्हणजे जुन्या कोडची प्रत घेऊन, ओपनटोफू हा वेगळा प्रोजेक्ट उभा केला. लिनक्स कर्नलला सीएलए लागत नाही, पॅचखाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं नावानिशी सांगणारी) पुरते. पॅच छोटा ठेव, टेस्ट जोड, आणि नकार आला तर टेक्निकल कारण सगळ्यांसमोर लिहून माग, खाजगी मेसेजात नको.