तंत्र-शंका : बंद ड्राइव्हची जागा रास्पबेरी पाय घेईल का?

प्रश्न : माझ्या कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलाय. मेमरी कार्डवाल्या साध्या अडॅप्टरवर काही गेम अर्ध्यातच अडकतात. ड्राइव्हच्या जागी रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक लावू का?

उत्तर : लावा. तुमचे गेम का अडकतात ते आधी सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. १५४१ हा नुसता ड्राइव्ह नाही, तो स्वतःच एक संगणक आहे! त्याच्या पोटात १ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट रॅम आहे. मूळचं लोडिंग सेकंदाला जेमतेम ४०० बाइट, म्हणून गेमवाले आपला वेगवान लोडर (गेम भराभर वाचून घेणारा छोटा प्रोग्राम) थेट ड्राइव्हच्या रॅममध्ये पाठवून तिथेच चालवत. साध्या अडॅप्टरमध्ये तो प्रोसेसरच नसतो, मग लोडर चालणार कुठे?

रास्पबेरी पायवर चालणारं पाय१५४१ हे सॉफ्टवेअर १५४१ मधल्या त्या प्रोसेसरची प्रत्येक चाल तंतोतंत वठवतं. मध्ये लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिमही नाही, ते थेट बोर्डावर चालतं, कारण वेळेत किंचित चूक झाली तरी लोडर कोलमडतो. पाय ३ घ्या. मात्र पाय ३.३ व्होल्टचा, कमोडोर ५ व्होल्टचा, तेव्हा मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजमध्ये सिग्नल जुळवणारं छोटं सर्किट) हवाच. थेट तारा जोडून मी एक पाय गमावलाय (बोर्डाचा, माझा नव्हे).

राहिल्या जुन्या फ्लॉप्या. त्या पाय वाचू शकत नाही. त्यांच्या डी६४ फाइली (अख्ख्या फ्लॉपीची नक्कल असलेल्या फाइली) करायला चालू ड्राइव्हच लागतो, तेव्हा तुमचा भंगारात टाकू नका. आधी त्याचं हेड (फ्लॉपी वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा.