वाचकांचे प्रश्न : जहाज नेमके कुठे लागते?

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नी ६४ वर्षांची असून तिचा उजवा गुडघा दुखतो. सपाट जागी ती अर्धा तास चालते, चढ आणि जिने मात्र टाळावे लागतात. पुढच्या जूनमध्ये कोपनहेगनहून निघून स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, ग्दान्स्क आणि बर्लिन पाहून कोपनहेगनलाच परतणारी दहा दिवसांची क्रूझ घ्यावी, असे मनात आहे. रोज सामान बांधायला नको, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. एवढी शहरे खरोखर पाहून होतात का? सहली जहाजाकडूनच घ्याव्यात का? व्हिसा कोणत्या देशाकडे मागावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रकृतीमानाचा विचार करता क्रूझची निवड योग्य आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी पत्रकातल्या शहरांच्या नावांपलीकडे जाऊन, प्रत्येक ठिकाणी जहाज कोणत्या धक्क्याला लागते आणि किती तास थांबते, हे कंपनीकडून लेखी मागवून घ्या. उत्तर युरोपच्या क्रूझमध्ये सगळे यावरच अवलंबून असते, आणि आपल्याकडचे प्रवासी नेमके हेच विचारायचे राहून जातात.

बर्लिनचेच पाहा. ते शहर समुद्रापासून फार आत आहे. जहाज लागते ते वार्नेम्युंडे या बंदरात, आणि तिथून बर्लिनला जायला एका बाजूला सुमारे तीन तास लागतात. म्हणजे दिवसाचे सहा तास बसमध्ये किंवा आगगाडीत जाणार, आणि उरलेल्या वेळात ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर छायाचित्र काढून परत फिरावे लागणार. दुखऱ्या गुडघ्याने एवढे बसून राहण्याचा त्रास वेगळाच. माझे स्पष्ट मत असे की, त्या दिवशी बर्लिनचा विचारच करू नये. वार्नेम्युंडे हे सपाट, टुमदार गाव आहे. धक्क्यापासून चालत गेले की जुन्या कालव्यात मासेमारीच्या होड्या बांधलेल्या दिसतात, पुढे १८९८ सालचे दीपगृह आहे आणि त्याच्यापुढे रुंद वाळूचा किनारा. गावातून लोकलने वीसेक मिनिटांत रोस्टॉक येते. तिथल्या विटांच्या सेंट मेरी चर्चमध्ये १४७२ सालचे खगोलीय घड्याळ आजही चालू आहे. वेळेबरोबर ते तिथी, चंद्रकला आणि राशीही दाखवते. दुपारी बाराच्या ठोक्याला त्याच्या माथ्यावरचे छोटे दरवाजे उघडतात आणि येशूच्या शिष्यांच्या बाहुल्या एकामागून एक पुढे सरकतात. पंचांग पाहत मोठ्या झालेल्या माणसाला त्या तबकडीसमोरून लवकर हलवत नाही.

ग्दान्स्कच्या बाबतीतही मोठी जहाजे बहुधा शेजारच्या गदिनियाला लागतात. तिथून आगगाडीने पाऊण तासाच्या आत ग्दान्स्क गाठता येते. त्यामुळे हा दिवस वाया जात नाही, फक्त परतीची गाडी आधी पाहून ठेवावी.

खरी चौकशी करायची ती स्टॉकहोमची. काही जहाजे शहरातल्या धक्क्याला लागतात, तर काही सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेला असलेल्या निनेसहामनला थांबतात. तिथून लोकलने शहरात यायला तासभर लागतो, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे द्वीपसमूहातला बराचसा प्रवास हुकतो. स्टॉकहोमच्या पूर्वेला लहानमोठी मिळून सुमारे ३०,००० बेटे आणि खडक आहेत. शहरात शिरणारे जहाज काही तास त्यांच्यामधून अगदी सावकाश जाते. ग्रॅनाइटचे गुळगुळीत काळसर खडक, त्यांवर पाइनची झाडे, पांढऱ्या चौकटींची लाल लाकडी घरे आणि प्रत्येक घरापुढे एक छोटासा लाकडी धक्का, हे सारे इतके जवळून जाते की अंगणातल्या दोरीवरचे कपडेही दिसतात. जूनमध्ये तिथे पहाटे साडेतीनच्या सुमारास उजाडते, त्यामुळे त्या दिवशी गजर लावून डेकवर या. या एका कारणासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी शहरात लागणारे जहाज निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

स्टॉकहोममध्ये वेळ कमी असेल, तर फक्त वासा संग्रहालय पाहा. वासा ही स्वीडनच्या राजाची ६४ तोफांची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. वरचा भार जास्त आणि तळातले वजन अपुरे असल्याने वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले. १९६१ साली ती वर काढली, तेव्हा लाकूड जवळपास शाबूत होते. बाल्टिक समुद्राला असंख्य नद्या मिळतात आणि मोठ्या समुद्राशी त्याचा संबंध अरुंद सामुद्रधुन्यांतून येतो, म्हणून त्याचे पाणी कमी खारट असते आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात तगत नाही. कोकणात लाकडी होडीचा तळ राखण्यासाठी काय सायास करावे लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे महत्त्व लगेच कळेल. संग्रहालयात लिफ्ट आहे, त्यामुळे सर्व मजले गुडघ्याला त्रास न देता पाहता येतात.

टॅलिन ही मात्र गुडघ्याची परीक्षा आहे. धक्क्यापासून जुने शहर एक किलोमीटरच्या आसपास असले, तरी तटबंदीच्या आत शिरताच गोट्यांची उंचसखल फरसबंदी सुरू होते. टूम्पेआ टेकडीवर टॅक्सीने जा, तिथून लाल कौलांच्या छपरांवरून समुद्र पाहा आणि टॅक्सीनेच खाली या, कारण उताराचा रस्ता चढापेक्षा जास्त त्रास देतो. खाली नगरभवनाच्या चौकात बसायला जागा आहे, आणि त्याच चौकात किमान १४२२ सालापासून चालत आलेले औषधांचे दुकान आहे. हेलसिंकीत बाजारचौकापासून फेरीबोटीने पंधरा मिनिटांत सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्यावर जाता येते. तिथे चढउतार आहेत, पण पत्नीने फेरीबोटीची सफर करून धक्क्याजवळ बसले तरी चालेल.

सहलींबद्दल माझा सल्ला सरसकट नाही. हेलसिंकी, टॅलिन आणि शहरातच जहाज लागत असेल तर स्टॉकहोम, ही ठिकाणे स्वतंत्रपणे पाहावीत. निनेसहामन किंवा गदिनियाहून एकट्याने जाण्याची धास्ती वाटत असेल, तर जहाजाची सहल घ्यावी. ती महाग असते, परंतु तिची बस उशिरा आली तर जहाज तिची जबाबदारी घेते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशासाठी मात्र जहाज थांबत नाही. शिवाय हेलसिंकी आणि टॅलिनची वेळ स्टॉकहोमच्या एक तास पुढे असते. जहाजाची वेळ बदलली की नाही, हे रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात पाहा आणि हातावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ पकडतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

तुमच्या मार्गातले सर्व देश शेंगेन क्षेत्रातले, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातले, असल्याने एकच शेंगेन व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. क्रूझपूर्वी दोन दिवस कोपनहेगनला थांबलात, तर तो देश डेन्मार्क ठरेल, आणि विमानाला उशीर झाला तरी जहाज चुकणार नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. त्यात जुन्या गुडघेदुखीचा समावेश आहे का, हे वाचून घ्या.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूण न खाणारे शाकाहारी आहोत. दहा दिवस जहाजावर काय खाणार?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आरक्षण करतानाच हे लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. अनेक जहाजांवर भारतीय स्वयंपाकी असतात. गोव्यातून तर पिढ्यान्‌पिढ्या लोक जहाजावर नोकरीला जात आले आहेत, त्यामुळे कोकणी-मराठी समजणारा एखादा वाढपी भेटण्याची शक्यता बरीच असते. उद्याच्या जेवणाचे आदल्या रात्री सांगून ठेवले, तर स्वयंपाकघराला तुमचे वेगळे शिजवायला वेळ मिळतो. किनाऱ्यावर मात्र राय या धान्याचा पाव, चीज, फळे आणि उकडलेले बटाटे यांवर भिस्त ठेवावी लागेल. सूप शाकाहारी दिसले तरी ते मांसाच्या किंवा माशांच्या अर्कात शिजवले आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी २०१४ मध्ये बाल्टिकची क्रूझ केली, तेव्हा सेंट पीटर्सबर्गला दोन दिवस होते. आता ते कोणत्याच पत्रकात कसे नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी रशियाची बंदरे वगळली. तो वेळ आता रीगा, गॉटलंड बेटावरचे व्हिस्बी अशा बंदरांना मिळतो. व्हिस्बी चुकवू नका. गावाभोवतीचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा मध्ययुगीन तट अजून उभा आहे.