रात्री आठ ते अकरा ब्रॉडबँड रडतं, कंपनी मुद्दाम स्पीड कापते का?

तुम्ही विचारलंय की १०० एमबीपीएसचा प्लॅन दुपारी नीट चालतो, रात्री मात्र व्हिडिओ अडकतो, कस्टमर केअर 'राउटर रिस्टार्ट करा' यापलीकडे काही सांगत नाही, तर कंपनी मुद्दाम स्पीड कमी करते का.

मी काही वर्षं एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केली आहे. बहुतेक वेळा कोणी बटण दाबून तुमचा स्पीड कापत नाही, तशी गरजच पडत नाही. कंपनीने वरून, म्हणजे मोठ्या नेटवर्ककडून, जेवढी बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) घेतलेली असते, त्याच्या कित्येक पट ती ग्राहकांना विकलेली असते. यात मुळात गैर काही नाही. सगळे एकाच वेळी डाउनलोड करत नाहीत, म्हणूनच हे कनेक्शन आपल्याला परवडतं. पण ग्राहक वाढत जातात आणि कंपनीला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी वरची लिंक तेवढीच राहते, तिथे गडबड होते.

कंट्रोल रूममध्ये प्रत्येक लिंकचा आलेख समोर स्क्रीनवर असतो. लिंक पुरेशी असेल तर तो संध्याकाळपासून चढतो, दहाच्या सुमारास टोक गाठतो आणि मध्यरात्रीनंतर उतरतो. अपुरी असेल तर साडेआठला चढता चढता थांबतो आणि साडेअकरापर्यंत वरून सुरीने कापल्यासारखा सपाट राहतो. आयपीएल सुरू असली की हा सपाटपणा आणखी लवकर सुरू व्हायचा. हे चित्र कंपनीला रोज दिसतं. म्हणजे स्पीड कोणी कापला नाही हे खरं असलं, तरी लिंक वाढवायची नाही हे कोणीतरी ठरवलेलं असतं. मला चीड येते ती याची. फोनवरच्या मुलांना खरं कारण सांगायची मुभाच नसते.

बिल्डिंगपर्यंत आलेली फायबर सहसा दोषी नसते. जीपॉनच्या (घरोघरी फायबर पोचवायच्या तंत्राच्या) एका पोर्टवर साधारण ३२ घरं असतात आणि त्या पोर्टला जवळपास २.५ जीबीपीएस मिळतात. बत्तीसही घरांनी एकदम ओढलं तरी घरटी सत्तर-पंचाहत्तर एमबीपीएस यायला हवेत. कोंडी होते ती त्यापुढे, वरच्या लिंकवर.

तक्रारीआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून बघा. रात्री शेजारचे सगळे वाय-फाय जोरात असतात आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना नडतात, तो दोष कंपनीचा नाही. केबलवरही तेच होत असेल तर स्पीड टेस्ट करा, पण सर्व्हर स्वतः निवडा. ॲप आपोआप जो सर्व्हर धरतं तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. डेटा त्या कोंडलेल्या लिंकवर जातच नाही आणि काटा आरामात १०० दाखवतो. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर घ्या. दुपारी आणि रात्री त्याच सर्व्हरवर मोजा आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. (महिनाअखेरीला दिवसभरच रांगत असेल तर एफयूपीची, म्हणजे पूर्ण स्पीडने मिळणाऱ्या ठरावीक डेटाची, मर्यादा संपलेली असू शकते. ती वेगळी गोष्ट, प्लॅनमध्ये लिहिलेली असते.)

नियम आपल्या बाजूने आहेत, हे फार कमी ग्राहकांना माहीत असतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या नियमांतच होतं की गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा, ९० च्या वर गेला तर ती कोंडी समजायची आणि महिन्याभरात बँडविड्थ वाढवायची. २०२४ मध्ये या सेवांसाठी नवी नियमावली आली. ग्राहकाला मात्र तो आलेख कधीच दिसत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीत तोच स्पीड छापता येतो जो रात्री ८ ते १० या वेळात निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो. आपल्याकडे 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरात टाकला की भागतं. हे बदलायलाच हवं.

तक्रार फोनवर न करता ॲपवर किंवा ईमेलने करा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. 'नेट स्लो आहे' असं मोघम लिहू नका. 'लॅन केबलवर, अमुक सर्व्हरवर, दुपारी इतका, रात्री इतका, तुमच्या अपस्ट्रीम (वरच्या) लिंकचा वापर किती आहे ते कळवा' असं लिहा. असं पत्र नेटवर्कवाल्यांकडे सरकण्याची शक्यता जास्त. उत्तर टाळलं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर मात्र टाका. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

कंपनी बदलायची झाली तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, एक महिना घ्या. आणि तिचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री साडेनऊला जाऊन स्वतः बघा.