बुटक्या भाताचा दाणा बुटका का नाही?

प्रश्न : बुटक्या भातात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी असतं, असं वाचलं. मग त्याचा दाणाही खुजा का होत नाही? आणि लोंबी बाहेर पडताना जिबरेलिन फवारलं, तर दाणा मोठा होईल का?

उत्तर : नाही होणार. पेरी तेवढी लांबतील आणि पीक लोळायला मोकळं.

बुटकेपणाचं कारण मात्र तुम्ही बरोबर वाचलंत. १९६६ साली आलेल्या ‘आयआर-८’ या भाताच्या वाणाला बुटकेपणा मिळाला ‘डी-जिओ-वू-जेन’ या तैवानी वाणाकडून. या वाणाच्या ‘एसडी-१’ जनुकातला डीएनएच्या ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. जिबरेलिन घडवणारं एक विकर या जनुकामुळे तयार होतं. ते बिघडलं की पेरी आखूड राहतात आणि भरपूर खत देऊनही झाड आडवं होत नाही. पण तेच काम करणारं आणखी एक जनुक भातात आहे, आणि ते फुलोऱ्यात जागं असतं. त्यामुळे टंचाई खोडाला जाणवते, लोंबीला फारशी नाही. हरितक्रांतीचं खरं नशीब मी यालाच म्हणते. कारण सगळेच बुटके असे गुणी नसतात. ‘डी-१’ या बुटक्यात संप्रेरकांचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचा एक घटक बिघडलेला असतो. त्याचे दाणे बारके आणि गोल. पैदासकाराने त्याचं करायचं काय?

आता दाण्याकडे. त्याची कमाल मर्यादा तूस ठरवतं, आणि तूस फूल उमलण्याआधीच घडून गेलेलं असतं. संकर करताना आम्ही फुलाचं टोक कात्रीने कापून चिमट्याने पुंकेसर काढतो. पुढे त्यात भरलेला दाणा कापलेल्या टोकाशी उघडा पडतो, नेहमीसारखा सुबक होत नाही. साचाच अर्धवट, दुसरं काय होणार! हा साचा केवढा व्हावा यावर जनुकांचे लगाम असतात. ‘जीएस-३’ लांबी आवरतं. त्यातलं एक अक्षर बदललं, प्रथिन अर्ध्यात तुटलं, की दाणा लांबतो. ‘जीडब्ल्यू-२’ रुंदी आवरतं. ते निकामी झालं की तुसात पेशी जास्त होतात. ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरक कमी पडलं तर दाणा लहान राहतो आणि पानंही ताठ उभी राहतात.

साचा मोठा झाला म्हणून तो भरेलच असं नाही, हे जाहिराती वाचताना लक्षात ठेवा. लोंबीत दाणे किती, हा हिशेब तर आणखी वेगळा. तिथे सायटोकायनिन या संप्रेरकाची सत्ता चालते. ते मोडणारं ‘जीएन-१ए’ या जनुकाचं विकर मंदावलं की दाण्यांची संख्या वाढते.

जिबरेलिनची फवारणी भातावर होते, नाही असं नाही. पण ती संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये. नर-वंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण न बनवणाऱ्या, मादी ओळीची लोंबी ध्वजपानाच्या (सगळ्यात वरच्या पानाच्या) आवरणात अर्धी अडकून बसते. ती पूर्ण बाहेर यावी आणि परागकण तिच्यापर्यंत पोचावेत, एवढ्यासाठीच.