रोझगार्डनमध्ये मिडी फाइल चालताना दिसते, पण आवाज येत नाही. कुठे बघायचं?

तुमची अडचण अशी: लिनक्सवर रोझगार्डन या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी फाइल उघडली की प्लेबॅकची रेघ सरकते, मिडीचा आवाज काढणारं क्यूसिंथही चालू आहे, तरी शुकशुकाट. आणि एकदा आवाज आला तेव्हा झांजा-ढोलांसकट सगळं पियानोत वाजलं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आधी पहिली घेऊ.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. अमुक चॅनलवर अमुक सूर इतक्या जोराने सुरू कर, आता थांबव, एवढेच निरोप त्यात असतात. आवाज तयार करतो क्यूसिंथच्या पोटातला फ्लुइडसिंथ हा सिंथेसायझर, तोही साउंडफाँटमधले, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या फाइलमधले, नमुने वाजवून. म्हणून सगळी सेटिंग्ज चाळत बसण्याआधी क्यूसिंथच्या खिडकीत खाली इंजिनच्या नावाशेजारी जो छोटा दिवा आहे, तो बघा. फाइल चालू असताना तो लुकलुकतोय का? या एका प्रश्नावर अर्धं काम होतं.

लुकलुकत असेल तर निरोप पोचताहेत, दोष पुढे आहे. सेटअपमधला साउंडफाँट टॅब रिकामा असेल तर निरोप येत राहतात आणि आवाज मात्र काहीच निघत नाही. डेबियन-उबुंटूवर फ्लुइड-आर३ हा साउंडफाँट पॅकेज म्हणून मिळतो, साधारण १४० एमबीचा. तो जोडा आणि इंजिन रीस्टार्ट करा. आवाज आहे पण जेमतेम ऐकू येतोय, तर गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवा. फ्लुइडसिंथचा स्वतःचा मूळ गेन फक्त ०.२ असतो. ऑडिओ ड्रायव्हर म्हणून जॅक (प्रोग्रामांमध्ये आवाज आणि मिडी नेणारी यंत्रणा) निवडला असेल तर क्यूसिंथचे दोन्ही आउटपुट साउंडकार्डच्या प्लेबॅक पोर्टांना (जोडणीच्या टोकांना) जोडलेत का, तेही बघून घ्या.

दिवा मेलेला असेल तर वायरिंग चुकलंय, आणि माझ्या मते तुमचं दुखणं इथेच असण्याची शक्यता जास्त. लिनक्सवर मिडीची दोन वेगळी जाळी आहेत, अल्सा सीक्वेन्सर (लिनक्सच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेतलं) आणि जॅक मिडी (जॅकमधलं). रोझगार्डन मिडी अल्साच्या जाळ्यात सोडतो. क्यूसिंथच्या सेटअपमध्ये मिडी ड्रायव्हर 'जॅक' ठेवला असेल तर त्याचा पोर्ट रोझगार्डनला दिसणारच नाही, मग कितीही शोधा. तिथे 'अल्सा सीक्वेन्सर' निवडा. ऑडिओ ड्रायव्हर जॅक राहिला तरी चालतो, ही दोन सेटिंग्ज एकमेकांवर अवलंबून नाहीत.

मग रोझगार्डनच्या स्टुडिओ मेनूतून 'मॅनेज मिडी डिव्हायसेस' उघडा. तुमचे ट्रॅक ज्या डिव्हाइसवर आहेत तो निवडून उजवीकडच्या यादीत फ्लुइडसिंथवर डबल-क्लिक करा. अनेकदा तिथे 'मिडी थ्रू' जोडलेलं सापडतं. नाव बघून ते बरोबर वाटतं, पण तो पोर्ट आलेले निरोप फक्त पुढे ढकलतो, आणि पुढे कोणी जोडलेलं नसेल तर ते वाया जातात. क्यूसिंथ आधी आणि रोझगार्डन नंतर, हा क्रम पाळा. फ्लुइडसिंथच्या पोर्टाच्या नावात प्रोसेसचा क्रमांक (प्रोग्राम चालू करताना सिस्टिम देते तो आकडा) आला की ते नाव दर वेळी बदलतं आणि जतन केलेली जोडणी हरवते. क्यूसिंथच्या मिडी टॅबमध्ये त्याला एक कायमचं नाव देऊन टाका.

आता सगळ्या पियानोंचं. चॅनलला 'प्रोग्राम चेंज', म्हणजे कोणतं वाद्य वाजवायचं हे सांगणारा निरोप, मिळाला नाही तर जनरल मिडी या वाद्यांच्या ठरलेल्या यादीतलं पहिलं वाद्य, म्हणजे पियानो, वाजतं. ट्रॅकच्या इन्स्ट्रुमेंट पॅरामीटर्समध्ये 'प्रोग्राम'समोरची चौकट रिकामी असेल तर हा निरोप जातच नाही. तिच्यात टिक करा आणि वाद्य निवडा. तालवाद्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी १० नंबरचा चॅनल राखीव आहे, तिथे प्रत्येक सूर म्हणजे एक वेगळं वाद्य. तोच ट्रॅक दुसऱ्या चॅनलवर गेला की ढोलाऐवजी पियानोचे विचित्र खालचे सूर येतात. त्या ट्रॅकला 'पर्कशन'ची खूण करा.

हे सुटल्यावर कडकड ऐकू आली तर बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती तुकड्यांनी (फ्रेमनी) तयार करायचा तो आकडा, वाढवा. नुसतं ऐकायचं असेल तर ४८,००० हर्ट्झला १०२४ फ्रेम, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, काहीच त्रास देत नाहीत. कीबोर्डवर थेट वाजवायचं असेल तेव्हाच २५६ वर या, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. तरीही कडकड राहिली तर क्यूसिंथमधले रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज भरीव करणारा परिणाम) बंद करून बघा, प्रोसेसरवरचा भार तिथे बराच हलका होतो.